ज्या पुरस्कारासाठी अर्ज करता येत नाही

गोव्यात पुरस्कारासाठी पुस्तकं मागवल्याची जाहिरात आली की पुढचं सगळं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. पुस्तकाच्या प्रती, लेखकाचा परिचय, फोटो आणि शेवटच्या तारखेला कार्यालयातली पोच. त्यामुळे आंतरराष्ट्रीय पुरस्काराचा विषय निघाला तरी अर्ज कुठं मिळतो, हाच प्रश्न आधी येतो. न्यूस्टाट आंतरराष्ट्रीय साहित्य पुरस्काराला असा अर्जच नसतो. लेखक, प्रकाशक, अकादमी, सरकार यांपैकी कोणीही नाव पाठवायचं म्हटलं तरी ते स्वीकारलं जात नाही.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठाचं ‘वर्ल्ड लिटरेचर टुडे’ हे नियतकालिक हा पुरस्कार देतं. १९६९ साली त्याचे तेव्हाचे संपादक इवार इवास्क यांनी तो सुरू केला आणि १९७० मध्ये पहिला मान इटालियन कवी उंगारेत्ती यांना मिळाला. पुरस्कार दर दोन वर्षांनी दिला जातो. ५० हजार डॉलर, गरुडाच्या पिसाची चांदीतली प्रतिकृती आणि मानपत्र असं त्याचं स्वरूप आहे. तो एखाद्या पुस्तकासाठी नसतो, हयात लेखकाच्या एकूण कामगिरीसाठी असतो. कवी, कादंबरीकार, नाटककार सगळेच पात्र असतात आणि लेखक कुठल्याही भाषेतला चालतो.

खरी गोम निवडीच्या पद्धतीत आहे. दर वेळी जगभरातल्या साधारण आठ-दहा लेखकांना परीक्षक म्हणून बोलावतात. प्रत्येक परीक्षक एकच नाव सुचवतो आणि त्या लेखकाचं एक प्रातिनिधिक पुस्तक निवडतो. बाकीचे परीक्षक ते पुस्तक वाचतात, मग एकत्र बसून चर्चा करतात आणि मतदानानं एकेक नाव गाळत शेवटच्या नावापर्यंत येतात. थोडक्यात, चाळीस वर्षांचं लेखन त्या खोलीत एका पुस्तकाच्या रूपानं पोचतं. आणि परीक्षकांची भाषा वेगवेगळी असल्यामुळे ते पुस्तक बहुतेक वेळा इंग्रजी भाषांतरातलं असतं.

या पद्धतीतून आलेली नावं पाहिली की तिच्याबद्दल आदर वाटतो. मार्केझना हा पुरस्कार १९७२ मध्ये मिळाला आणि नोबेल १९८२ मध्ये. मिलोश यांना १९७८ आणि १९८०, ओक्ताव्हियो पाझ यांना १९८२ आणि १९९०, ट्रान्सट्रोमर यांना १९९० आणि २०११. भारताशी नातं असलेले दोघे म्हणजे राजा राव (१९८८) आणि मुंबईत जन्मलेले कॅनडाचे रोहिंटन मिस्त्री (२०१२). दोघंही इंग्रजीत लिहिणारे. २०२४ च्या मानकरी आनंदा देवी मूळ भारतीय वंशाच्या मॉरिशसच्या, पण त्या फ्रेंचमध्ये लिहितात. भारतीय भाषेत लिहिणाऱ्या लेखकाला हा पुरस्कार अजून मिळालेला नाही. मराठीत तोलामोलाचे लेखक नाहीत म्हणून असं झालं, हे मला मुळीच मान्य नाही. परीक्षकाला हातात घेता येईल असं आपलं पुस्तक फार क्वचित तयार असतं.

२०१४ चे मानकरी मिया कुतो हे इथं पाहण्यासारखं उदाहरण. मोझांबिकचा हा लेखक पोर्तुगीजमध्ये लिहितो. त्याच्या एका कादंबरीत १५६० साली गोव्याहून मोझांबिकला निघालेल्या जेझुइट पाद्र्याचा प्रवास आहे, म्हणजे तसा आपल्या अंगणातलाच विषय. डेव्हिड ब्रुकशॉ यांनी त्याची पुस्तकं एकामागून एक इंग्रजीत आणली होती. परीक्षकापुढं निवडायला पुस्तकं होती. गोव्यातच कोंकणीनं हे काम चिकाटीनं केलेलं दिसतं. दामोदर मावजो यांच्या कथा झेवियर कोता यांनी वर्षानुवर्षं इंग्रजीत नेल्या. पुंडलीक नायक यांची ‘अच्छेव’ ही कादंबरी विद्या पै यांच्या भाषांतरातून २००२ मध्ये ऑक्सफर्डनं काढली. इथल्या मराठी लेखकांच्या वाट्याला असा कायमचा भाषांतरकार अजून यायचा आहे.

मग हातात घ्यायचं काय? पहिली गोष्ट पुस्तकाची निवड, आणि इथंच सर्वात जास्त चुकतं. राज्य पुरस्कार मिळालेलं पुस्तक आपोआप निवडलं जातं. किंवा कोणी नाराज व्हायला नको म्हणून प्रत्येक संग्रहातून एकेक कथा घेतात आणि पुस्तकाला सूरच उरत नाही. लेखकाचं सर्वात सलग, सर्वात एकजीव पुस्तक घ्यावं. निवडक कथा करायच्या असतील तर निवडणारा एकच हवा आणि शक्यतो तो भाषांतरकारच असावा. इंग्रजीत भाषांतरित पुस्तकाला दिलं जाणारं आंतरराष्ट्रीय बुकर २०२५ मध्ये मिळालेल्या कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांच्या संग्रहात १९९० ते २०२३ एवढ्या काळातल्या बाराच कथा आहेत. भाषांतरकार दीपा भास्ती यांनी त्यात तळटीपा दिल्या नाहीत, कन्नड शब्द तिरक्या टाइपात टाकले नाहीत. आपल्याकडे उलट घडतं. पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी), मांड (गावातली लोककलांची जागा), शिगमो (गोव्याचा होळीचा सण), प्रत्येकाला तळटीप लावतात आणि परका वाचक दर दोन ओळींनी पानाच्या तळाशी जातो. पावसाच्या तोंडावर म्हापशाच्या बाजारातून सुकी सुंगटं, मिरच्या, कांद्याच्या माळा घेऊन बाई घरी येते एवढं वाक्यात आलं, तर पुरुमेंताची टीप काढून टाकावी.

पुस्तक ठरलं की पंधरा-वीस पानांचं नमुना भाषांतर, एका पानाचा गोषवारा आणि लेखकाच्या पुस्तकांची नीट सूची. नमुन्यासाठी पहिलंच प्रकरण घेतलं पाहिजे असं नाही. सर्वात ताकदीचं घ्यावं. तो मजकूर मराठी अजिबात न येणाऱ्या एखाद्या चांगल्या वाचकाला द्यावा. जिथं तो थांबेल तिथं भाषांतर अडलंय असं समजावं. सूचीत लेखकाच्या नावाचं रोमन स्पेलिंग एकच ठेवावं. ‘नाईक’ एका पुस्तकावर ‘आय’ घालून, दुसऱ्यावर ‘वाय’ घालून छापलं की ग्रंथालयांच्या सूचीत एकाच माणसाचे दोन लेखक होतात.

हक्कांचा भाग रुक्ष आहे, पण बोलणी मोडतात ती इथंच. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखी दिले नसतील तर ते प्रकाशकाकडे जातच नाहीत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरतात. जुने करार काढून हे तपासा. पुष्कळदा भाषांतराचे हक्क अजून लेखकाकडेच असल्याचं आढळतं. लेखक दिवंगत असेल तर न्यूस्टाटचा प्रश्न मिटला, पण भाषांतर करायचंच असेल तर मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांची सही लागते. गोव्यात घरातले निम्मे लोक लिस्बनला नाहीतर लंडनला असतात. तेव्हा सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण हे नोंदवणारा दस्त, आधीच करून घ्यावं. भाषांतरकाराशीही करार हवा. मोबदला किती, रॉयल्टीतला वाटा किती, मुखपृष्ठावर नाव येणार का, ठरल्या वेळेत प्रकाशक मिळाला नाही तर पुढं काय. भाषांतरावर भाषांतरकाराचा स्वतःचा कॉपीराइट असतो हे विसरून चालत नाही.

मूळ मराठी पुस्तकही सापडलं पाहिजे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकानं प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना स्वखर्चानं प्रती पाठवायच्या असतात. स्वतःच्या खर्चानं पुस्तक काढणाऱ्यांकडून हे हमखास राहून जातं.

आंतरराष्ट्रीय बुकरचा रस्ता वेगळा आहे. तिथं पुस्तक पाठवता येतं, पण ते ब्रिटन किंवा आयर्लंडमधल्या प्रकाशकानंच आणि तिथं छापलेलंच. ५० हजार पौंड लेखक आणि भाषांतरकारांत निम्मे निम्मे वाटले जातात. पणजीत किंवा पुण्यात छापलेलं इंग्रजी भाषांतर कितीही सुंदर असलं तरी एवढ्यावर तिथं चालत नाही. म्हणून भाषांतर पूर्ण छापण्याआधीच नमुना तिकडच्या छोट्या प्रकाशकांकडे जायला हवा. हे बुकर मिळालेल्या गीतांजली श्री आणि बानू मुश्ताक या दोघींची पुस्तकं तिथं अशाच छोट्या प्रकाशनसंस्थांनी काढली होती.

‘वर्ल्ड लिटरेचर टुडे’ भाषांतरित कथा-कविता आणि पुस्तकांची परीक्षणंही छापतं. पुरस्काराच्या परीक्षकांच्या नजरेला पडणारं हे पान आहे. एक कथा किंवा चार-पाच कविता तिथं पाठवायला कुणाच्या शिफारशीची गरज नाही. मूळ लेखकाची लेखी परवानगी मात्र आधीच काढून ठेवा, कारण संपादकाचं उत्तर आल्यावर ती शोधत बसलं तर अंक हुकतो.