कॉम्प्रेसर गेला म्हणे

"गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर गेलाय म्हणलेत, तुम्ही फक्त बघून सांगा खरं का खोटं." उन्हाळ्यात असं गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारतो, कोण म्हणलं? उत्तर ठरलेलं, सर्व्हिस सेंटरवाले. त्यांचं एका अर्थी बरोबर पण आहे, या गाडीच्या कॉम्प्रेसरचा क्लच (बेल्टवर फिरणाऱ्या पुलीला कॉम्प्रेसर जोडणारी चुंबकी प्लेट) त्यांना सुटा येतच नाही, पार्ट नंबर अख्ख्या कॉम्प्रेसरचा, मग ते तेवढंच बदलणार आणि तेवढंच बिल लावणार.

गाडी टॅक्सी पासिंगची सेडान, तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर अशा दर्शनाच्या भाड्यावर पळणारी. ड्रायव्हर अण्णांचं म्हणणं, सकाळी सोलापुरातनं निघताना चिल्ड असतंय, तुळजापूरचा घाट चढला की गरम हवा, आणि गाडी तासभर सावलीला लावली की परत चिल्ड. मागं बसलेले लोक देवीच्या दारात जाता जाता मला शिव्या घालतात ओ, म्हणाले.

आता गॅस कमी असता तर सकाळी पण बोंब असती. हे कुणाच्या डोक्यात कसं येत नाही मला कळत नाही. होटगी रोडला माझं शेड आहे, पण गाडी मुद्दाम बाहेर उन्हात लावली, पारा ४२ च्या वर, बॉनेट उघडं, दारं उघडी, ब्लोअर फुल, आणि गॅसचं प्रेशर बघायला गेज जोडून बसलो. लो साइडला (गॅस कॉम्प्रेसरमध्ये जातो ती बाजू) ४५ आणि हाय साइडला (दाबून बाहेर पडतो ती) ३०० च्या आसपास पीएसआय. ऊन धरलं तरी हे जास्त आहे, आमच्याकडच्या उन्हात २४०-२५० पर्यंत मी चालवून घेतो. तरी कॉम्प्रेसर चालूच, बंद पडायचं नाव नाही. मग म्हणलं घाटात काय होतं ते करून बघू. चढाला ऍक्सिलेटर जोरात दाबला की ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजिनचा भार कमी करायला कॉम्प्रेसर कट करतं आणि थोड्या वेळानं परत लावतं. मी एसीचं बटन बंद करून लगेच चालू केलं. झालं, क्लचची प्लेट जागची हलेना!

क्लचच्या वायरला मीटर लावला तर १३.६ व्होल्ट येतायत. म्हणजे रिले बरोबर, प्रेशर स्विच बरोबर, ईसीएम बिचारं ओरडून सांगतंय चालू हो म्हणून. क्लॅम्प मीटरला करंट २.७ अँपिअर, सकाळी थंड असताना मीच ३.६ बघितला होता. क्लचच्या चुंबकाची कॉइल तांब्याची, तापली की रेझिस्टन्स वाढतो, करंट पडतो, लोहचुंबकाचा जोर पडतो. एकदा चिकटलेली प्लेट धरून ठेवायला कमी जोर लागतो म्हणून चालू असेल तोवर चालतंय, पण सुटली की लांबनं ओढून घ्यायची ताकद राहत नाही. हातोड्याच्या लांब लाकडी दांड्यानं प्लेट जरा ढकलली (हे घरी करू नका, बेल्ट चालू असतो), खट् करून बसली आणि ग्रिलला गार हवा. अण्णा बघतच राहिले.

फिलर गेज घातला, प्लेट आणि पुलीमधला गॅप ०.९ मिलिमीटर. असायला पाहिजे ०.३ ते ०.६. मधला बोल्ट काढून प्लेट उतरवली, मागं शिम म्हणजे पातळ चकत्या असतात त्यातली एक काढली, गॅप ०.४ वर आला. काम एवढंच. पण प्लेटच्या तोंडावर निळे डाग होते, म्हणजे ती घसरत घसरत तापलेली आहे, आणि तिथं मी अडकलो.

मशीनला गॅस काढून मोजला. बॉनेटच्या स्टिकरवर ४५० ग्रॅम लिहिलंय, निघाला ६४०. अण्णांना विचारलं तर म्हणाले, वाटेत जिथं बंद पडलं तिथं मारून घेतला, मोहोळला एकदा, पंढरपुरात एकदा. म्हणजे कॉम्प्रेसर न चालणाऱ्या गाडीला गेज लावून गॅस मारला. अरे लगा, एसी बंद असताना ४० अंशाला दोन्ही काटे १३० च्या आसपास येऊन थांबतात, आत २५० ग्रॅम असो नाहीतर ६००, त्यावरनं गॅस कमी का जास्त कळतच नाही! स्टिकर वाचायला किती वेळ लागतो?

तेव्हापासून डोक्यात हेच फिरतंय की आधी काय झालं. गॅप आपसूक वाढला, एसी थांबलं, म्हणून गॅस मारला? का आधीच कुणीतरी गॅस जास्त मारला, हाय साइड चढली, क्लच घसरला, झिजला आणि गॅप वाढला? दोन्हीनं निळे डाग पडतात. पहिलं असेल तर शिमवर ही गाडी बरेच दिवस काढेल. दुसरं असेल आणि आत पंपालाही मार बसला असेल तर पुढच्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर खरंच जाईल आणि सर्व्हिस सेंटरवाले म्हणतील, बघा, आम्ही सांगितलंच होतं.

व्हॅक्यूम मारून मोजून ४५० ग्रॅम भरला, हाय साइड २३५ वर थांबली, बटन दहा वेळा बंद-चालू केलं तरी दर वेळी खट्. बिलावर अण्णांनी घासाघीस केली नाही. फक्त निघताना म्हणाले, "ते १९० ग्रॅम जास्तीचं माझंच की ओ, मी पैसे देऊन भरलेलं. त्याचे वजा करा."

कुणी काय मिसळलंय ठाऊक नाही, दुसऱ्या गाडीत घालता येत नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, मग मलाच द्या की, बाटलीत.