दोन वर्षं दम्याचा पंप, आणि दमा नव्हताच

वजन 138 किलो, उंची 170 सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, जवळजवळ 48. आणि खिशात कायम पंप, कारण दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात 'दम लागतो' म्हणालो आणि कागदावर दमा झाला.

खरं सांगायचं तर दम किती लागतो हे मलाच माहीत नव्हतं, कारण लागेल असं काही करतच नव्हतो. दुकान नवी पेठेत, माल वरच्या मजल्यावर, जिना पोऱ्याच्या पायाला. वाकलं की श्वास अडकायचा म्हणून बूट कधी सुटले तेही कळलं नाही, कुणी विचारलं तर सोलापूरच्या उन्हात बूट कोण घालतंय बे, असं म्हणून मोकळा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत पोरगी पाळण्याकडे पळाली आणि मी होम मैदानावर मधेच उभा, मोबाईल बघतोय असं दाखवत. बायको म्हणाली, "अहो, उलटा धरलाय तो."

मग छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, दम लागतो म्हणजे नेमकं काय होतं, हवा कमी पडते, श्वास ओढायला जोर लागतो, की छाती आवळते? हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं! मी म्हटलं जोर लागतो, पोटावर कुणीतरी बसल्यासारखं.

स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकून फुफ्फुसं तपासतात त्यात, नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि समोरची मुलगी "फुंका फुंका अजून अजून" म्हणून ओरडतीये. औषध ओढून वीस मिनिटांनी परत तेच, आकडा जागचा हलला नाही. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, नॉर्मल. मनगटातून रक्त काढलं ते मात्र लई दुखलं, त्यात कार्बन डायऑक्साइड 42 आला, 45 च्या आत म्हणून सुटलो.

शेवटी सहा मिनिटं चालायचं, 30 मीटरच्या पॅसेजमध्ये इकडून तिकडे. 310 मीटर झालं. ऑक्सिजन 97 वरून 95, म्हणजे काहीच नाही. मग त्या फुंकायला लावणाऱ्या मुलीने 0 ते 10 लिहिलेलं कार्ड पुढं केलं, दम किती? लाजेखातर म्हणालो, "दोन." ती म्हणाली, "काका, दोनवाल्याचं वाक्य असं तुटत नाही." मग खरं सांगितलं, सात.

मला वाटलं आता म्हणणार, मशीन चांगलं सांगतंय, तुम्ही नाटक करताय. पण डॉक्टर म्हणाले सातच खरं, नळ्या मोकळ्या आहेत पण पोट छातीखालच्या श्वासाच्या पडद्याला वर ढकलतंय आणि छातीवरचं ओझं प्रत्येक श्वासाला उचलावं लागतंय, ऑक्सिजन चांगला असला तरी ती मेहनत जाणवणारच. पंप त्यांनीच बंद केला, घोरण्यासाठी झोपेची तपासणी लिहून दिली ती अजून बाकी आहे, आणि रोज चालायला सांगितलं, चार-पाचपर्यंत दम लागू द्या, घाबरून थांबू नका.

तीन महिने झाले, सिद्धेश्वर तलावाकडे सकाळी जातो. वजन फक्त 4 किलो उतरलंय, त्यावरून घरात बोलणी खातोय. पण दुकानाचा जिना साताचा चार झालाय. बूट घेतलेत, लेस बांधायला अजून स्टुलावर पाय ठेवावा लागतो.