तुम्ही विचारलंत म्हणून: कॅरॅव्हॅनने कोकण किनारा

"रेवदंड्यापासून सावंतवाडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने कॅरॅव्हॅन नेता येते का, आणि किती दिवस लागतात?" थंडी जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो. नेता येते. चौदा रात्री हाताशी ठेवा, दोन-दोन रात्रींचे मुक्काम सातच करा आणि दिवसाला ६० किलोमीटरच्या वर ठरवू नका. नकाशावर अंतर थोडं दिसतं, पण हा रस्ता प्रत्येक खाडीला सड्यावरून, म्हणजे कातळी पठारावरून, खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. पाण्याची टाकी भरलेली जड गाडी दुसऱ्या गिअरमध्येच उतरवायची. सतत ब्रेक दाबून उतरलात तर जळका वास येतो आणि पुढच्या वळणावर ब्रेक धरत नाहीत.

गाडी टेंपो ट्रॅव्हलरच्या बांध्याची चालेल, बसच्या बांध्याची नको. आंजर्ले, गुहागरसारख्या गावांत आळीच्या दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, आत नारळी-पोफळी आणि डोक्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा. छतावरच्या एसीसकट उंची मोजा आणि तो आकडा स्टिअरिंगजवळ चिकटवा. शंका वाटली तर गाडी गावाबाहेर ठेवून चालत जा.

खरी परीक्षा फेरीबोटीवर होते. उत्तरेकडून येताना चार लागतात: आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड. कॅरॅव्हॅनचा मागचा भाग मागच्या चाकांच्या बराच मागे लोंबतो. ओहोटीला बोट खाली जाते, उतार तीव्र होतो आणि नेमकी मागची बाजू घासते. तिथेच सांडपाण्याचा नळ असतो, तो पहिला तुटतो. यावर उपाय किनाऱ्यावरच्या माणसांचाच आहे: तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. हा ठोकताळा आहे, पण जेट्टीवर केव्हा पोहोचायचं हे ठरवायला पुरतो. भरतीच्या आधी-नंतर दीड तासात चढा. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या दिवसांत ओहोटीही खोल जाते, तेव्हा घाई नकोच. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत एवढा फरक पडत नाही. चढताना माणसं उतरवा, सिलिंडर बंद करा आणि एकाला मागे उभं करून तो सांगेल तसंच हळू चढवा.

पाण्याचा हिशेब आधी करा. दोघांना काटकसरीने रोज ३० ते ४० लिटर लागतं, म्हणजे १०० लिटरची टाकी जेमतेम तीन दिवस. हे पाणी कुणाच्या तरी विहिरीतून येतं. नोव्हेंबर ते जानेवारी आनंदाने मिळतं. शिमग्यानंतर विहिरी खाली जातात, तेव्हा मागू नये, पिण्यासाठी २० लिटरचे जार विकत घ्यावेत. सांडपाणी यजमानांना विचारून, त्यांच्या मोरीचं पाणी जिथे अळू-केळीला जातं तिथेच सोडा, तेही खरकटं गाळून. शौचालयाची २० लिटरची कॅसेट, म्हणजे मैल्याची काढता येणारी टाकी, दोघांना तीन दिवस पुरते. ती परवानगीने घरच्या संडासातच रिकामी करायची; खाडीत, ओढ्यात, माडाच्या बुंध्याशी कधीच नाही. त्यात फॉर्मॅल्डिहाइडचं द्रव घालू नका, त्याने मैला कुजवणारे जिवाणू मरतात आणि तुम्ही गेल्यावर त्या घराची टाकी तुंबते.

विजेचं थोडक्यात: १०० अँपिअर-अवर, १२ व्होल्टची लिथियम बॅटरी फ्रिज, पंखा आणि दिव्यांना एक दिवस देते. एसीला घरची वीज लागते, आणि संध्याकाळी व्होल्टेज पडलं की कॉम्प्रेसर अडतो. जोडण्याआधी अर्थिंग तपासा.

महाराष्ट्राने २०२१मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तरी या किनाऱ्यावर रात्रीचा खरा आधार घरगुती खानावळीचं अंगण हाच आहे. जागेचे पैसे द्या आणि एक वेळ तिथेच जेवा. सकाळी सांगितलंत तर दुपारी ताजा मासा मिळतो. देवळाच्या पटांगणासाठी देवस्थानच्या मंडळींना विचारा, जेट्टीसाठी मच्छीमार सोसायटीला. मोकळी दिसणारी जागा बहुतेक वेळा जाळी आणि मासळी वाळवायची असते.

एका जागी दोन रात्री थांबायचा आग्रह यासाठी की इथलं पाहण्यासारखं पुष्कळसं माणसांत आहे. रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई. तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांची पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली दुसऱ्या कुठल्याच गावात नाही; ते तिला 'नौ लिंग', आपली भाषा, म्हणतात. अलिबागच्या इस्राएल आळीत बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून यांना शनवार तेली म्हणत. रोहेकर, पेणकर, दिवेकर ही त्यांची आडनावं याच मुलखातल्या गावांवरून आली. शनिवारी तिथे प्रार्थना असते, तेव्हा पाहायला जाऊ नका. वेळासला फेब्रुवारी ते एप्रिल कासवांची पिल्लं समुद्राकडे निघतात. ती उजेडाकडे वळतात, म्हणून किनाऱ्याकडे तोंड करून गाडी लावू नका आणि बाहेरचे दिवे लावू नका.

रत्नागिरी-राजापूरच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे ही नावं लिहून घ्या. कशेळीच्या भल्यामोठ्या हत्तीच्या आत कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. कोरीव रेषा उथळ असतात. भर दुपारी डोळ्यांसमोर असूनही दिसत नाहीत, सकाळ-संध्याकाळच्या तिरक्या उन्हात सावली धरतात. सडा सपाट म्हणून गाडी आत घालायचा मोह होतो. घालू नका. कुंपण नसलेली शिल्पंही आहेत आणि चाकाखाली जांभा खरवडतो. गाडी डांबरी रस्त्यावर ठेवा आणि गावातला माणूस बरोबर घ्या.

शेवटचा मुक्काम कुडाळजवळ पिंगुळीला. ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचं संग्रहालय करून जपल्या. २०२१मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नुसत्या भिंतीवरच्या चित्रांच्या पोथ्या बघून निघू नका. चित्रकथी म्हणजे एकेक चित्र समोर धरून गायलेली गोष्ट, ती ऐकायचीच असते. आदल्या दिवशी कळवा, मानधन विचारा आणि संध्याकाळ मोकळी ठेवा.