नावाची जागा

रुग्णालयातील चॅप्लेन, म्हणजे रुग्णांना आणि त्यांच्या कुटुंबांना आध्यात्मिक आधार देणारी व्यक्ती, होण्यासाठी मी जे प्रशिक्षण घेतले, त्याच्या दहाव्या आठवड्यातील ही घटना आहे. संबंधित कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी गाळले आहेत आणि काही बदलले आहेत. मात्र माझ्या हातून जे घडले ते जसेच्या तसे लिहिते आहे.

जानेवारी महिना होता आणि ऊसतोडणीचा हंगाम ऐन भरात होता. रात्रपाळीचा फोन त्या दिवशी माझ्याकडे होता. सव्वादोनच्या सुमारास प्रसूतिकक्षातून सिस्टरांचा फोन आला. "बाळ पोटातच गेलंय. माणसं आपल्यातलीच आहेत, ख्रिस्ती. पाळकांना बोलवा म्हणतात. तुम्ही येता ना?" मी पाळक नव्हते. सेमिनरीतील, म्हणजे धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयातील, चार वर्षांचे शिक्षण माझ्या पाठीशी होते, ग्रीक आणि इब्री भाषांची तोंडओळख होती, पण माझी दीक्षा झालेली नव्हती. तरीही जिना उतरताना मी मनाशी प्रार्थनेची वाक्ये जुळवू लागले होते. खोलीत कोण आहे, ते काय बोलणार आहेत, हे ठाऊक नसताना मी काय बोलणार हे मात्र माझे ठरत आले होते. पुढे जे चुकले त्याचे मूळ त्या जिन्यातच होते, असे मला आता वाटते.

जालन्याकडून आलेले ते ऊसतोड कामगारांचे कुटुंब होते. या व्यवसायात नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, हंगामाआधी उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत दोघांपैकी एकाने जरी काम थांबवले तरी खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, अंगावर पडतो. त्यामुळे ती बाई आठव्या महिन्यातही फडात उतरत होती. संध्याकाळी डोक्यावर मोळी असताना तिच्या पोटात कळ आली आणि रक्तस्राव सुरू झाला. वार (प्लॅसेंटा) वेळेआधी सुटली होती. ट्रॅक्टरमधून तिला रुग्णालयात आणेपर्यंत बाळाचे ठोके थांबलेले होते. डॉक्टरांनी आईला वाचवले.

खोलीत ती पलंगावर होती, उशाशी सासू उभी होती आणि दाराजवळ नवरा भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या कपड्यांना अजून पाचटाची कुसळे चिकटलेली होती. मी "सलाम" म्हणून आत शिरले. सासूबाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "बाई, लेकराला बाप्तिस्मा द्या. बिनबाप्तिस्म्याचं मातीत घालू नका."

मी त्यांना समजावून सांगितले. बाप्तिस्मा हा संस्कार जिवंत व्यक्तीसाठी आहे, मृत बाळाला तो देता येत नाही, शिवाय मी दीक्षित नाही, आणि बाळ देवाजवळ सुरक्षित आहे याविषयी शंका बाळगू नका, असे सगळे मी हळू आवाजात, नीट शब्द निवडून सांगितले. त्यातील एकही वाक्य मंडळीच्या (चर्चच्या) शिकवणीला सोडून नव्हते. मग मी प्रार्थना केली. ती लांब आणि ओघवती होती. तिच्यात सांत्वनाची वचने होती आणि 'तुझ्या इच्छेपुढे आम्ही नम्र होतो' हेही होते. या वाक्यावर आईने भिंतीकडे तोंड फिरवले. शेवटी 'आमेन' फक्त सासूबाईंनी म्हटले. मी पुन्हा येईन असे सांगून बाहेर पडले. कक्षातील नोंदवहीत माझ्या येण्याची आणि जाण्याची वेळ आहे. त्या खोलीत मी अकरा मिनिटे होते.

आमच्या प्रशिक्षणाचा कणा म्हणजे व्हर्बेटिम. रुग्णाशी झालेले संभाषण आठवून शब्दशः लिहून काढायचे, रुग्णाची वाक्ये आणि स्वतःची वाक्ये क्रमांक घालून समोरासमोर मांडायची, मधल्या शांततेचीही नोंद करायची आणि ते गटासमोर वाचायचे. ही पद्धत अमेरिकेत रुजली. १९२५ च्या उन्हाळ्यात अँटन बॉइसेन यांनी मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील मनोरुग्णालयात धर्मशिक्षणाच्या काही विद्यार्थ्यांना घेऊन या प्रकारच्या प्रशिक्षणाला आरंभ केला. स्वतः बॉइसेन १९२० साली तीव्र मानसिक आजारामुळे अशाच एका रुग्णालयात भरती झालेले होते. विद्यार्थ्याने छापील ग्रंथ जितक्या काळजीने वाचावा, तितक्याच काळजीने त्याने समोरचा माणूस वाचला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. रुग्णांना ते 'जिवंत मानवी दस्तऐवज' म्हणत. आज अमेरिकेत या प्रशिक्षणाच्या एका घटकाला किमान ४०० तास द्यावे लागतात, आणि आमचा अभ्यासक्रमही त्याच धर्तीवर आखलेला होता. हे सारे मी परीक्षेत व्यवस्थित लिहिले असते.

पहाटे पाच वाजता मी व्हर्बेटिम लिहिले आणि नऊ वाजता ते गटात वाचले. आम्ही पाच जण होतो: दोन पाळक, एक कॅथलिक सिस्टर (नन), परिचारिकेची नोकरी सोडून आलेली एक मुलगी आणि मी. बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर चर्चा होईल अशी माझी अपेक्षा होती, आणि त्यासाठी मी तयारीही केली होती. समासात मी आईच्या तोंड फिरवण्यापुढे 'नकाराची अवस्था' असे लिहिले होते. आमच्या पर्यवेक्षकांनी त्या दोन शब्दांवर पेन्सिल ठेवून विचारले, "हे तुम्ही खोलीत पाहिलंत, की पुस्तकात?" मग त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला कायमची लक्षात राहिली. १९६५ साली शिकागोमध्ये धर्मशिक्षण घेणाऱ्या चार विद्यार्थ्यांनी मृत्यूविषयी अभ्यास करायचे ठरवले आणि एलिझाबेथ क्युबलर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांची मदत मागितली. त्यातून मृत्यूच्या दारातील रुग्णांशी जे संवाद सुरू झाले, त्यांच्या आधारे १९६९ साली नकारापासून स्वीकारापर्यंतच्या त्या पाच अवस्था मांडल्या गेल्या. म्हणजे ज्या अवस्थांचे शिक्के आम्ही आता रुग्णांवर मारतो, त्यांचा उगमच मुळी रुग्णाजवळ बसून ऐकण्यात आहे, आणि ज्यांचे ऐकले ते स्वतः मरणाला सामोरे जाणारे लोक होते. बाळ गमावलेली आई त्यांच्यात नव्हती.

मग कॅथलिक सिस्टरने मला विचारले, "तिचं तिसरं वाक्य पुन्हा वाचाल का?"

मी वाचले. "मला कुणी दाखवलंच नाही."

खोली शांत झाली. ते वाक्य मी माझ्या हाताने लिहिले होते. त्याला तीन क्रमांक दिला होता. त्याच्यापुढे, माझ्या रकान्यात, 'आपण प्रार्थना करू या' असे लिहिलेले होते. सासूबाईंशी बाप्तिस्म्याविषयी बोलत असताना आई हे वाक्य बोलली होती, माझ्या कानांनी ते टिपले होते, पहाटे स्मरणाने ते जसेच्या तसे परत दिले होते, आणि या दोन्ही वेळी मला ते ऐकू आले नव्हते.

"बाळ आता कुठं आहे?" सिस्टरने विचारले. मला माहीत नव्हते.

पर्यवेक्षकांनी मला दोष दिला नाही आणि धीरही दिला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "ती प्रार्थना कोणासाठी होती?" उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला. ती प्रार्थना माझ्यासाठी होती. त्या खोलीत मला उभे राहवत नव्हते, आणि आदराने बाहेर पडण्याचा मला ठाऊक असलेला एकमेव रस्ता प्रार्थनेतून जात होता. ज्या घरात रोज संध्याकाळी उपासना होत असे अशा नगरमधील घरात मी वाढले आहे. प्रार्थना ही माझ्या जिभेवरची भाषा आहे. म्हणूनच मी तिच्याआड इतक्या सहज लपू शकले.

मी उठून प्रसूतिकक्षात गेले. बाळ बाजूच्या खोलीत, शस्त्रक्रियागृहातील हिरव्या कापडात गुंडाळून ठेवलेले होते आणि कापडावर आईच्या नावाची चिठ्ठी होती: अमुक हिचे बाळ. दफनासाठी वडील ते अकरा वाजता नेणार होते. प्रमुख सिस्टरांनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि डॉक्टरांशी बोलून होकार आणला. सासूबाईंचा मात्र विरोध होता. बघितले की जीव अडकतो, न पाहिलेले लवकर विसरते, असे त्या कळकळीने सांगत होत्या. त्यांची स्वतःची दोन बाळे अशीच न दाखवता नेलेली होती, हे त्यांनी त्यानंतर सांगितले. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मी आईला विचारले. ती म्हणाली, "आणा."

सिस्टरांनी बाळाला कोमट पाण्याने पुसले. मोठ्या मुलाचे जुने दुपटे सासूबाईंच्या पिशवीत होते. ते त्यांनीच, न मागता, काढून दिले. पुढची चाळीस मिनिटे मी पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून होते. बायबलमधील दुःखग्रस्त ईयोबाचे तीन मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत, हे मी सेमिनरीत शिकले होते आणि त्यावर निबंधही लिहिला होता. न बोलता बसून राहणे शरीराला किती जड जाते, हे निबंधात कुठेच आले नव्हते. माझी बोटे एकमेकांत आवळली जात होती, मनात वचनांमागून वचने येत होती, आणि ती मी गिळत होते.

आईने दुपटे सोडले. तिने बाळाची बोटे मोजली. "हात बापाचे आहेत," ती म्हणाली. तेव्हा तो बाप दाराजवळून उठला, पलंगापाशी आला आणि मोठ्याने रडला. रात्रीपासून तो एक शब्दही बोललेला नव्हता आणि मी त्याच्याशी एक शब्दही बोलले नव्हते.

नाव आईनेच काढले. ते तिने केव्हाच ठरवलेले होते. ते मी इथे लिहीत नाही, कारण ते त्यांचे आहे. बारशाला सांगतात तसे आजीने वाकून ते बाळाच्या कानात सांगितले. मी बाप्तिस्मा दिला नाही. त्याबाबत माझे मत रात्री होते तेच आजही आहे. पण रात्री मी 'नाही' एवढेच देऊन निघून आले होते, आणि 'नाही'च्या पलीकडे देण्यासारखे पुष्कळ होते. आईच्या उदरात देव माणसाला घडवतो असे सांगणाऱ्या १३९ व्या स्तोत्रातील दोन ओळी मी वाचल्या. मग मी तिला विचारले, "प्रार्थनेत देवाला काय सांगू?" ती थोडा वेळ बाळाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "त्याला थंडी वाजू देऊ नको म्हणावं." मी तेवढेच मागितले, बाळाचे नाव घेऊन. या वेळी 'आमेन' तिघांनीही म्हटले.

मृत जन्माची नोंद आपल्याकडे १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे वेगळ्या नमुन्यात होते. वडिलांनी त्या कागदाकडे पाहून मला विचारले, "ताई, नाव कुठं लिहायचं?" त्या नमुन्यात लिंग असते, आईवडिलांची नावे असतात, बाळाच्या नावासाठी जागा नसते. मी आणि प्रमुख सिस्टर दोघी क्षणभर गप्प झालो. मग सिस्टरांनी कपाटातून एक कोरे कार्ड आणि शाईचा पॅड काढला. कार्डावर बाळाच्या दोन्ही पावलांचे ठसे घेतले, खाली तारीख, वजन एक किलो नऊशे ग्रॅम, आणि मधोमध ठळक अक्षरांत नाव लिहिले. वडिलांनी ते कार्ड खिशात न ठेवता हातात धरले. गावातील मंडळीच्या पाळकांनी आपल्या दफनभूमीत जागा दिली आणि ते स्वतः आले.

चौथ्या दिवशी आईला घरी सोडले. घर म्हणजे कारखान्याच्या माळावरील कोप, तात्पुरती झोपडी. मुकादमाचे दोन फोन येऊन गेले होते. उचल अंगावर होती आणि हंगाम संपायला अजून दोन-तीन महिने होते. मी रुग्णालयाच्या समाजसेविकेला भेटले, सक्तीच्या विश्रांतीची चिठ्ठी डॉक्टरांकडून ठळक अक्षरांत लिहून घेतली, पण ती चिठ्ठी फडात किती चालेल याविषयी आम्हां कोणालाच भ्रम नव्हता. शोक करायला दिवस लागतात, आणि या बाईच्या प्रत्येक दिवसावर खाड्याची रक्कम लिहिलेली होती. आम्हांला शिकवल्या जाणाऱ्या समुपदेशनात शोक करणाऱ्याजवळ वेळ आहे असे गृहीत धरलेले असते. मराठी मुलखात हे काम करणाऱ्याला उचल, मुकादम आणि कोयता म्हणजे काय हे अभ्यासक्रमातच शिकवले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे, आणि संधी मिळते तिथे मी ते मांडते.

त्या दुसऱ्या भेटीचे व्हर्बेटिमही मला लिहावे लागले. ते दोन पानांचे झाले. डावीकडील रकान्यात आईची वाक्ये आहेत, आजीची आहेत, वडिलांच्या रडण्याची नोंद आहे. उजवीकडील रकान्यात, माझ्या नावाखाली, पहिल्या पानावर एकच ओळ आहे: 'बाळाला बघायचंय का?' त्याखाली पानाच्या शेवटापर्यंत मी फक्त मिनिटे लिहिली आहेत.