चार हातांचा आकाशकंदील

पारंपरिक आकाशकंदील एकट्याने करता येत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. झिरमिळ्या एकट्याला कातरता येतात, कागद चिकटवायची खळ एकट्याला शिजवता येते. पण सांगाडा बांधायला बसलं की बांबूच्या दोन कामट्या एकाने धरायच्या आणि दोरा दुसऱ्याने आवळायचा. छत्तीस गाठी मारून होईपर्यंत दोघांपैकी कुणालाही उठता येत नाही. घरातली माणसं एका सतरंजीवर दोन संध्याकाळ बसावीत असं वाटत असेल, तर दिवाळीच्या आधीच्या शनिवार-रविवारी हे काम काढा. मुद्दाम गप्पा मारायला बसलो तर जे बोलणं निघत नाही, ते हात गुंतलेले असताना आपोआप निघतं.

माहीमच्या कंदील गल्लीत किंवा दादरला तयार कंदील सुंदर मिळतात, घ्यायचे तर जरूर घ्या. इथे जो सांगतोय तो सहा चौकोनांचा, घरी बांधायचा. एक चौकोन वर, एक खाली, आणि मधल्या पट्ट्यात चार चौकोन टोकावर उभे, म्हणजे शंकरपाळ्यासारखे. हे सहा चौकोन कोपऱ्याला कोपरा बांधले की मधल्या फटींत आठ त्रिकोण आपसूक तयार होतात. त्यांच्यासाठी एकही जादा कामटी लागत नाही. चौथी-पाचवीतल्या मुलांना हे आधी सांगू नये. सांगाडा उभा राहिल्यावर "त्रिकोण किती झाले, मोज बरं" एवढंच म्हणावं.

माप धरू या २० सेमी, म्हणजे गाठीपासून गाठीपर्यंत. त्यासाठी कामटी २२ सेमी कापायची, दोन्ही टोकांना एकेक सेंटिमीटर बाहेर राहील अशी. सहा चौकोनांच्या २४ कामट्या लागतात. चार मोडतील असं धरून २८ कापाव्यात. या मापाचा कंदील २८ सेमी उंच होतो आणि मधल्या पट्ट्यात कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ४० सेमी भरतो. फ्लॅटच्या गॅलरीला एवढा पुरे. अंगण किंवा वाड्याचा दरवाजा असेल तर ३० सेमीच्या कामट्या घ्या, तो ४२ सेमी उंच होईल.

कामट्या बुरूडाकडून आणाव्यात. पुण्यात बुरूड आळी आहे, इतर गावांत सुपं-टोपल्या विणणारे बुरूड असतातच. त्यांना "कंदिलाच्या कामट्या" एवढं सांगितलं तरी कळतं. रुंदी ५ ते ६ मिमी, जाडी २ ते ३ मिमी. बांबूची ताकद हिरव्या सालीच्या बाजूला असते. आतला पांढरा गाभा भुसभुशीत. नुसत्या गाभ्याची कामटी हातात हलकी लागते आणि वाकवली की टचकन मोडते. घेताना प्रत्येक कामटीला एका बाजूने साल आहे ना, हे पाहून घ्या. पेराची गाठ कामटीच्या मधे आली तर चालते, बांधायच्या टोकावर येऊ देऊ नये, तिथे दोरा नीट बसत नाही.

कडकडीत वाळलेली कामटी कापताना उभी चिरते. अर्धा तास पाण्यात ठेवली की नीट कापली जाते, पण बांधण्याआधी पुन्हा पूर्ण वाळू द्या. ओल्या कामटीवर आवळलेली गाठ दोन दिवसांनी ढिली पडते, कारण बांबू वाळताना आकसतो. कापून झाल्यावर कडा पॉलिश पेपरने घासायच्या. हे काम कंटाळवाणं म्हणून लोक टाळतात आणि मग लहान मुलाच्या बोटात कूस जाते, तिथेच संध्याकाळ संपते. कामटी मुठीत धरून पॉलिश पेपरची घडी वर-खाली चार वेळा फिरवली की झालं. आठ-दहा वर्षांचं मूल हे छान करतं, मापाची खूण करायलाही त्यालाच बसवा. करवतीचं पातं मात्र मोठ्यांच्या हातात.

दोरा सुती हवा. पतंगाची साधी सद्दी उत्तम. नायलॉनचा दोरा घसरतो, कितीही गाठी मारा. दोन कामट्या काटकोनात एकमेकींवर ठेवायच्या, एका तिरक्या दिशेने तीन वेढे, दुसऱ्या तिरक्या दिशेने तीन, म्हणजे फुली होते. मग दोरा दोन कामट्यांच्या मधून दोनदा फिरवून वेढे आवळायचे आणि गाठ मारायची. हे मधून आवळणं विसरलं तर गाठ वरून घट्ट दिसते, पण चौकोन हलतो. गाठीवर फेविकॉलचा एक थेंब. चौकोन झाला की दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही २८ सेमीच्या थोडे वर आणि सारखे भरले पाहिजेत. एक २७ आणि एक २९ असेल तर गोंद ओला आहे तोवर लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांवर हलका दाब देऊन सरळ करता येतो. वाळल्यावर नाही.

सहा चौकोन झाले की जोडणी, आणि इथे खरी माणसं लागतात. चार चौकोन टोकावर उभे करून बाजूचे कोपरे एकमेकांना बांधायचे, चार गाठी. मग वरचा चौकोन: त्याचा प्रत्येक कोपरा एकेका उभ्या चौकोनाच्या वरच्या टोकाला, चार गाठी. खालच्याच्या तशाच चार. एकाने दोन्ही हातांनी दोन कोपरे धरायचे, दुसऱ्याने बांधायचं, तिसऱ्याने वीतभर दोऱ्याचे तुकडे कापून तयार ठेवायचे. ज्यांना खाली बसता येत नाही त्या आजी-आजोबांना धरणाऱ्याचं काम द्या, खुर्चीत बसून मांडीवर सांगाडा छान धरता येतो. आयुष्यभर भारे, गाठोडी, पाळण्याच्या दोऱ्या बांधलेल्या हातांना गाठीतलं जास्त कळतं, हेही पाहायला मिळतं.

जोडून झाल्यावर सांगाडा वरून हलका दाबून पाहा. तो दबतो. मधले उभे चौकोन आडवे पसरतात, वरचा चौकोन खालच्याजवळ येतो, आणि सगळा कंदील बसका होतो. पहिल्यांदा करणारे इथे घाबरतात आणि गाठी चुकल्या असं समजून सगळं सोडायला घेतात. गाठी बरोबर असतात. त्रिकोण आपला आकार धरून ठेवतो, चौकोन धरत नाही, तो शंकरपाळ्यासारखा तिरका होऊ शकतो. म्हणून मधल्या चारही चौकोनांत पांढऱ्या सद्दीचे दोन्ही कर्ण ताणून बांधायचे. एकच कर्ण पुरत नाही. दोरा ओढ धरतो, दाब धरत नाही, त्यामुळे एकाच दोऱ्याने चौकोन उलट दिशेला तिरका होऊ शकतो. दोन्ही बांधले की सांगाडा दगडासारखा घट्ट होतो. दिव्याच्या उजेडात ही सद्दी जवळपास दिसत नाही. गोंद रात्रभर वाळू द्यावा आणि सकाळी कामट्यांची बाहेर आलेली टोकं गाठीला न दुखवता छाटावीत, नाहीतर ती कागद फाडतात.

दुसरी संध्याकाळ खळीची. दोन मोठे चमचे मैदा आधी पाव वाटी थंड पाण्यात कालवून घ्यायचा, गुठळी राहता कामा नये. मग वाटीभर पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळायचं. चार-पाच मिनिटांत दुधी पांढरा रंग जाऊन चकाकी येते, चमच्यावरून खळ सलग धार धरून पडते. तिथे गॅस बंद. कमी शिजलेली खळ वाळल्यावर भुकटीसारखी सुटते, जास्त आटवली तर कामटीवर गोळे बसतात. पूर्वी टिकावी म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलांचे हात लागणार असतील तर अजिबात घालू नका. फ्रिजमध्ये ही खळ दोन दिवस राहते.

सांगाडा फेविकॉलने आणि कागद खळीने, असं का? खळ पाण्याने सुटते. पुढच्या वर्षी ओलं फडकं फिरवलं की जुना कागद निघून येतो आणि तोच सांगाडा पुन्हा वापरता येतो. फेविकॉलने चिकटवलेला कागद खरवडावा लागतो आणि त्यात कामट्या मोडतात. ग्लू गन तर नकोच. तिचे गोळे दिव्याच्या उजेडात काळे दिसतात आणि मुलांची बोटं भाजतात.

कागद पतंगी. घोटीव कागद दिसायला चकचकीत, पण त्यातून उजेड नीट येत नाही. जिलेटीनमधून आतला दिवा आणि वायर सगळंच दिसतं. पतंगी कागदाचा ताव साधारण ५० × ७५ सेमी असेल तर एका पांढऱ्या तावात २३ सेमीचे सहा चौकोन बसतात. आपल्याला चारच लागतात, वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा आहे. रंगीत तावातून २२ सेमी रुंदीच्या दोन पट्ट्या काढून प्रत्येकीत २५ सेमी बाजूचे चार त्रिकोण उलटसुलट मांडले की आठ होतात. झिरमिळ्यांना आणखी दोन ताव. म्हणजे एकूण चार.

आधी त्रिकोण चिकटवा, मग चौकोन. प्रत्येक कामटी एका त्रिकोणाची आणि एका चौकोनाची सामाईक असते, त्यामुळे त्रिकोणाची दुमड चौकोनाच्या दुमडीखाली झाकली जाते. खळ कागदाला लावायची नाही, कामटीला लावायची. पतंगी कागद भिजला की फाटतो, आणि रंग सुटतो. लाल आणि राणी सगळ्यात जास्त. लाल त्रिकोण लावून बोटं न पुसता पांढऱ्या चौकोनाला हात लावला तर गुलाबी ठसे उमटतात, ते जात नाहीत. शेजारी ओलं आणि कोरडं अशी दोन फडकी हवीतच. खळ बोटाने अगदी पातळ सारवायची. चौकोनाची एक बाजू चिकटवली की तिच्या समोरची ओढून चिकटवा, मग उरलेल्या दोन. शेजारशेजारच्या बाजू ओळीने लावत गेलं तर सगळी सुरकुती शेवटच्या कोपऱ्यात जमते. कोपऱ्यांवर कागदाला छोटा त्रिकोणी छेद दिला की दुमड गोळा होत नाही.

तरी कागद थोडा ढिला राहिला तर एक युक्ती आहे. खळ पूर्ण वाळल्यावर पांढऱ्या चौकोनांवर बारीक फवाऱ्याने नुसती पाण्याची वाफ बसल्याइतकं पाणी मारा आणि पंख्यापासून दूर वाळू द्या. कागद वाळताना ताणला जातो आणि टिचकी मारली की डफासारखा वाजतो. रंगीत कागदावर हे करू नका.

झिरमिळ्या सगळ्यात धाकट्याच्या. तावाची लांबीत घडी घालून अडीच सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या, ६० सेमी लांब, बोथट कात्रीने. वाकड्या झाल्या तरी चालतात, वाऱ्यात कुणी रुंदी मोजत नाही. खालच्या चौकोनाच्या प्रत्येक बाजूला सहा-सात लावा, मधे थोडी जागा सोडून. चिकटून चिकटून लावल्या तर दव पडल्यावर एकमेकींत गुंततात.

वरच्या चौकोनावर ३० सेमीच्या दोन कामट्या कर्णावर फुलीसारख्या बांधून मधोमध होल्डर लटकवायचा, बल्ब कंदिलाच्या बरोबर मधे येईल असा. मग सगळ्यात जवळचा कागद त्याच्यापासून १४ सेमी लांब राहतो. ३ ते ५ वॉटचा दुधी एलईडी, पिवळसर उजेडाचा. जुना ४० किंवा ६० वॉटचा बल्ब तापतो, कागद पिवळा पडून करपतो, आगही लागू शकते. मेणबत्ती किंवा पणती आत कधीच नको. आणि कंदील वायरवर टांगू नका. वरच्या चार कोपऱ्यांतून सारख्या लांबीच्या चार दोऱ्या घेऊन एका कडीत बांधा आणि कडीतून नायलॉनची दोरी न्या. वायर ढिली राहिली पाहिजे, ओढ दोरीवर यायला हवी. बल्ब बदलायला खालच्या मोकळ्या चौकोनातून हात आत जातो.

दिवाळी ऑक्टोबरात आली तर परतीचा पाऊस, नोव्हेंबरात आली तर दव. दोन्हींत पतंगी कागद सैल पडतो. छपराच्या कडेपासून हातभर आत टांगलेला कंदील वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत टिकतो, कुणाकडे त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवतात.

परदेशात बुरूड नसतो, पण बार्बेक्यूच्या ३० सेमीच्या बांबूच्या काड्या मिळतात. टोक छाटून २२ सेमी करा. त्या गोल असल्याने दोरा घसरतो, म्हणून फुलीचे वेढे तीनऐवजी पाच द्या. भेटवस्तू गुंडाळायचा टिश्यू पेपर पतंगी कागदासारखाच वागतो. आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर घेतलं तर फोन उभा न ठेवता वरून, हातांवर रोखून ठेवा. त्यांना गाठ दिसली की चूक लगेच सांगतात.

उतरवल्यावर कागदासकट माळ्यावर टाकू नका. खळ म्हणजे मैदाच, झुरळं आणि कसर कागद कुरतडतात. कागद ओल्या फडक्याने काढा, सांगाडा दोन दिवस उन्हात वाळवा, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवा. काढल्यावर कामट्यांखाली पिठासारखा भुगा दिसला तर भुंगा लागलाय. तेवढ्याच कामट्या बदला, बाकीचा सांगाडा चालतो. आणि बांधणाऱ्यांची नावं व वर्ष वरच्या चौकोनाच्या एका कामटीवर, आतल्या पांढऱ्या बाजूला, पेन्सिलीने लिहा. शाई ओल्या फडक्याने पसरते, पेन्सिल राहते.