अज्ञानाचा हिस्सा

वाटपाचा दावा होता, काका आणि पुतण्यामधला. पुतण्याचे वडील वारलेले, तो अज्ञान, म्हणजे अजून अठराच्या आतला, म्हणून आई अज्ञान पालनकर्ती, म्हणजे दाव्यात त्याच्या वतीने उभी. या मायलेकांचा वकील मी. भावकीतल्या जाणत्यांनी बसून तडजोड ठरवली होती: सगळी जमीन काकांना, मुलाच्या हिश्श्यापोटी रोख रक्कम आईच्या हातात. पुरसीस, म्हणजे कोर्टात द्यायचं तडजोडीचं लेखी निवेदन, टाइप होऊन सह्याही झाल्या होत्या. माझा दाखला तेवढा बाकी होता.

सज्ञान पक्षकारांची लेखी, सह्यांची, कायदेशीर तडजोड असली की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३ नियम ३ प्रमाणे कोर्ट त्याप्रमाणे हुकूमनामा, म्हणजे अंतिम आदेश, करतं. अज्ञान असला की आदेश ३२ नियम ७ आड येतो. कोर्टाची परवानगी लागते, ती रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, नोंदवावी लागते, आणि तडजोड अज्ञानाच्या हिताची आहे असा वकिलाचा दाखला जोडावा लागतो. मी तो कोणत्या तोंडाने देणार होतो?

बाहेरच्या बाकावर आई म्हणाली, "वकीलसाहेब, आता मोडता घातला तर भावजी दारात उभं करायचे नाहीत." तिची भीती खरी होती. मग मी काकांच्या वकिलांना गाठलं. परवानगीशिवाय तडजोड केलीत तर उद्या पोरगा ती रद्द करून घेऊ शकतो, तुमच्या पक्षकाराच्या हाती काय राहणार? ते गप्प झाले.

पुकारा झाला. न्यायाधीश मॅडमनी पुरसीस वाचली आणि आईला पुढे बोलावलं.

"काय ठरलंय, तुमच्या शब्दांत सांगा."

"जमीन त्यांना, पैसे मला."

"आणि मुलाला?"

तिला उत्तर देता येईना. मॅडमनी प्रकरण दुपारच्या सत्रात ठेवलं.

त्या मधल्या वेळात खरी तडजोड झाली. विहिरीलगतचा तुकडा मुलाच्या नावे, विहिरीत पाण्याची पाळी, फरकाची रक्कम त्याच्याच नावे मुदत ठेवीत, कोर्टाच्या परवानगीशिवाय काढता येणार नाही अशी. एवढं लवकर जमलं. अडलं ते त्या तुकड्याकडे जायच्या रस्त्यावर. काका बैलगाडीपुरता द्यायला तयार, मी ट्रॅक्टर जाईल एवढा मागत होतो. आज रुंदी लिहिली नाही तर पोराच्या वाट्याला रस्त्यासाठी नवा दावा येणार, हे मला दिसत होतं. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही, तडजोड बेकायदा होती म्हणून वेगळा दावाही लावता येत नाही. अखेर काकांनी नकाशावर ट्रॅक्टरच्या रस्त्याची रुंदी लिहून शेजारी सही केली.

मग मी दाखला दिला. मॅडमनी एकेक अट वाचून दोघांना विचारली आणि परवानगी नोंदवली. नकलेचा अर्ज मी लगेच दिला.