एका रविवारच्या पाच बैठका

वेंगुर्ले, २६ जुलै, रविवार, रात्र

काल आषाढी एकादशी झाली आणि आज ठरल्याप्रमाणे तिघेही माझ्याकडे आले. रत्नागिरीचे सर पहाटेच्या एसटीने निघाले होते, मालवणचे डॉक्टर स्वतःची गाडी घेऊन आले आणि म्हापशाचे बाब नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी येऊन पडवीत बसले होते. वर्षातून दोनदा भेटावे, प्रत्येकाने आपल्या संग्रहातला जॅझचा एक बॉक्स सेट आणावा, त्यातली एक तबकडी मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकावी आणि मगच मत द्यावे, हा आमचा शिरस्ता नऊ वर्षे टिकला आहे. पावसाळ्यात असे संच बाहेर काढणे जिवावरच येते, कारण इथल्या खाऱ्या, दमट हवेत पुठ्ठ्याच्या पेट्यांना आठवड्याभरात बुरशी धरते. माझ्या कपाटात मृगापासून हस्तापर्यंत एक पिवळा दिवा जळत असतो तो त्यासाठीच. तरीही पावसाळ्यातली भेट आम्ही कधी चुकवलेली नाही.

डॉक्टरांनी सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचा आठ सीडींचा संच आणला होता. सॅव्हॉय आणि डायल या दोन कंपन्यांसाठी पार्करने १९४४ ते १९४८ या काळात स्टुडिओत जे वाजवले ते सारे त्यात आहे आणि एकाच रचनेचे मिळाले तेवढे टेक, म्हणजे ध्वनिमुद्रणाचे प्रयत्न, एकापाठोपाठ एक दिलेले आहेत. त्या काळी ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची असे (त्या तबकड्यांना लागणारी लाख बहुतांशी आपल्याच देशातून जात होती, हे मला दर वेळी आठवते), त्यामुळे हे टेकही तेवढेच लहान आहेत. एखादा सुरू होताच तुटतो, दुसरा शेवटाला पोचूनही नामंजूर होतो आणि पुढे पुन्हा तीच रचना सुरू होते. २६ नोव्हेंबर १९४५ च्या बैठकीत 'को-को'चा पहिला प्रयत्न असाच थांबतो. वादक 'चेरोकी' या जुन्या गाण्याच्या मूळ चालीत शिरतात आणि त्यांना तिथेच अडवले जाते. पुढच्या खेपेस ती चाल गाळून केवळ तिच्या स्वरसंगतीच्या आधारावर पार्कर जे वाजवतो, ते ऐकताना आजही अंगावर काटा येतो. डॉक्टरांचे म्हणणे असे की हा तुटलेला टेक आधी ऐकल्याशिवाय दुसऱ्याचे मोल पुरते कळत नाही. ते मला पटते. मात्र अख्खी तबकडी एका बैठकीत ऐकण्याचा आमचा नियम या संचाला लागू करू नये, असे मी त्यांना स्पष्टच सांगितले. हा संच एका दिवशी स्टुडिओतली एक बैठक एवढाच ऐकावा. त्यापुढे कान थकतात आणि थकलेला कान चांगला टेक आणि टाकलेला टेक एकाच मापाने मोजू लागतो.

सरांनी आणलेल्या संचावर मात्र वाद झाला. तो डीन बेनेडेटीच्या ध्वनिमुद्रणांचा संच आहे. बेनेडेटी स्वतः सॅक्सोफोन वाजवीत असे आणि पार्करचा निस्सीम भक्त होता. मार्च १९४७ मध्ये लॉस एंजेलिसच्या हाय-डी-हो क्लबात आणि पुढे न्यूयॉर्कच्या क्लबांत जाऊन त्याने पार्करचे वादन स्वतःच्या यंत्रावर उतरवून घेतले. साधनांची काटकसर म्हणून पार्कर वाजवू लागला की तो यंत्र सुरू करी आणि दुसऱ्या कुणाची पाळी आली की बंद करी. मोझॅक रेकॉर्ड्सने १९९० साली हे सगळे तुकडे सात सीडींमध्ये काढले. काही तुकडे तर मिनिटभराचेही नाहीत.

मी म्हणाले, "सर, एखाद्याने केसरबाईंच्या मैफिलीला जाऊन फक्त ताना उतरवून घ्याव्यात आणि स्थायी येताच यंत्र बंद करावे, तसे हे झाले. समेला कोण कसे आले, ते यातून कसे कळायचे?"

सर थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "ताई, तुम्ही त्याला श्रोता समजता आहात. तो शिकाऊ वादक होता. धडा उतरवून घेणारा मुलगा वर्गातल्या खिडक्या उतरवून घेत नाही."

या उत्तराने मी निम्मी हरले, हे इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवते. त्या तुकड्यांत पार्कर स्टुडिओतल्यापेक्षा लांब आणि मोकळा वाजवतो, तीन मिनिटांची वेसण तिथे नाही आणि ऐकणारा माणूस काय शोधत होता तेही त्यातून कळते. तरी उरलेली निम्मी मी सोडणार नाही. त्या रात्रींना पियानो वाजवणाऱ्याने पार्करला काय दिले आणि पार्करने त्यातले काय घेतले, हे आता कुणालाच ऐकता येणार नाही.

जेवायला घावणे, काळ्या वाटाण्यांचे सांबारे आणि सोलकढी केली होती. जेवणे आटोपल्यावर पाऊस वाढला. कौलांवरचा आवाज इतका मोठा होता की माझा संच आज लावावा की नाही याबद्दल मी साशंक होते, पण बाब म्हणाले की त्या क्लबातही पेल्यांचा आवाज आहेच, त्यात आपला पाऊस मिसळला तर बिघडत नाही.

माझा संच बिल एव्हान्सचा. २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात पियानोवर एव्हान्स, डबल बेसवर स्कॉट लाफारो आणि ड्रम्सवर पॉल मोशन यांनी त्या दिवशी दुपारी दोन आणि रात्री तीन अशा पाच बैठका वाजवल्या आणि पाचही ध्वनिमुद्रित झाल्या. अकराव्या दिवशी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. त्याचे वय २५ होते. त्यानंतर निघालेल्या पहिल्या रेकॉर्डची निवड त्याच्या आठवणीसाठी केलेली होती, म्हणून ती त्याच्याच 'ग्लोरियाज स्टेप'ने सुरू होते आणि त्याच्याच 'जेड व्हिजन्स'ने संपते. 'वॉल्ट्झ फॉर डेबी' ही दुसरी रेकॉर्ड नंतर आली. या दोन रेकॉर्डी मी तीस वर्षे ऐकल्या आणि दोन्हींवर माझे प्रेम आहे. पण त्यांतला क्रम संपादकाने लावलेला होता आणि त्या क्रमामागे मृत्यू उभा होता. २००५ साली निघालेल्या तीन सीडींच्या संचात हा रविवार वाजला त्या क्रमाने मांडला गेला. तो ऐकताना लाफारोच्या बाबतीत पुढे काय होणार हे तिथल्या कुणालाच ठाऊक नसते, आणि ऐकता ऐकता काही वेळ मीही ते विसरते.

संचाची सुरुवातच 'ग्लोरियाज स्टेप'च्या तुटलेल्या टेकने होते. क्लबातली वीज गेली म्हणून आवाज मध्येच नाहीसा होतो आणि काही क्षणांनी परत येतो. आधीच्या कोणत्याही रेकॉर्डमध्ये हा टेक घेणे शक्यच नव्हते. आज तो खंड आला तेव्हा आम्हा चौघांच्याही माना एकदमच वर दिव्याकडे गेल्या, कारण आषाढात इथे आवाज थांबला की माणूस आधी दिवाच पाहतो. दिवा चालू होता. साठांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी तळघरात बसलेल्यांनीही असेच वर पाहिले असेल, हा विचार माझ्या मनात आला आणि मग पुढची सगळी तबकडी मी त्यांच्यातलीच एक होऊन ऐकली. लाफारोचा बेस त्या दिवशी नुसता ठेका धरत नाही. एव्हान्सने वाक्य अर्धे सोडले की तो ते उचलतो, कधी त्याच्या आधीच उत्तर देऊन मोकळा होतो, आणि मोशन त्या दोघांच्या मध्ये ब्रशने जागा मोकळी ठेवतो. 'ग्लोरियाज स्टेप' त्या दिवशी तीनदा वाजली. तीनही वेळा ती त्या त्या प्रहराची होऊन येते. ओळीने लागलेल्या तीन टेकमध्ये हा फरक मला ऐकू आला नसता. मध्ये इतर रचना गेल्या, संध्याकाळ झाली, माणसे बदलली, म्हणून तो ऐकू येतो.

सर म्हणाले की मग यापेक्षा ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचा प्लग्ड निकेल या क्लबातला संच अधिक मोठा म्हणायला हवा, कारण तिथे शिकागोतल्या डिसेंबर १९६५ च्या दोन रात्रींच्या सात बैठका आहेत. मोठा आहे, आणि पुढच्या खेपेस तो ऐकायचा असे ठरलेही. पण मला मोजणीची घाई नाही.

वेंगुर्ले, २७ जुलै, सोमवार

डॉक्टर आणि सर सकाळी गेले. जाण्यापूर्वी डॉक्टरांनी एक प्रश्न टाकला. तबकडी पुन्हा काढणाऱ्याने दुरुस्ती कुठपर्यंत करावी? ते स्वतः पेटी वाजवतात, म्हणून त्यांनी दाखला दिला तो माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या रेकॉर्डचा. २ मार्च १९५९ च्या बैठकीत मुख्य यंत्राची फीत किंचित हळू फिरत होती, त्यामुळे ती नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना थोड्या चढ्या सुरात ऐकू येत. दुसऱ्या यंत्रावरची फीत वापरून १९९२ च्या आवृत्तीत हा दोष काढला गेला. जुन्या चढ्या सुराची सवय झालेल्या काही संग्राहकांना तीच आवृत्ती खरी वाटते, हे मी ऐकले आहे. मला ते मान्य नाही. त्या खोलीत जो सूर लागला तोच परत मिळायला हवा. व्हॅनगार्डमधल्या पेल्यांचा किणकिणाट मात्र कुणी पुसला तर मी तो संच घरात ठेवणार नाही, कारण तो आवाज त्या खोलीत होता.

बाब दुपारपर्यंत थांबले. या खेपेस त्यांनी संच आणलाच नव्हता. वह्यांच्या पानांत जपलेले एक छायाचित्र तेवढे आणले होते. १९५० च्या आसपासचे मुंबईतल्या एका हॉटेलचे बँड, पांढरे कोट घातलेले सात जण, आणि ट्रंपेट घेऊन उजवीकडे उभे असलेले बाबांचे वडील. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, यांचे नाव त्या पिढीतून आज तरी निघते. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस आणि फ्रँक फर्नांड यांचेही जाणकारांना ठाऊक असते. परंतु मुंबईच्या हॉटेलांत रात्री आणि सिनेमाच्या स्टुडिओत दिवसा वाजवणाऱ्या बाकीच्या गोवेकर वादकांची नावे रेकॉर्डीच्या लेबलवर छापली गेली नाहीत. बाबांना बॉक्स सेटमध्ये सर्वांत प्रिय काय, तर शेवटचे पान. मायकेल कस्कुना आणि चार्ली लॉरी यांनी १९८३ साली पियानोवादक थेलोनियस मंकच्या ब्लू नोट कंपनीसाठीच्या ध्वनिमुद्रणांपासून मोझॅकचे संच काढायला सुरुवात केली. त्यांच्या पुस्तिकांत प्रत्येक बैठकीची तारीख, जागा आणि प्रत्येक वादकाचे नाव वाद्यासह दिलेले असते. कस्कुना २०२४ मध्ये गेले. "ते पान मी प्रार्थनेसारखे वाचतो," असे बाब आज म्हणाले.

जेवण झाल्यावर आम्ही त्या छायाचित्रावर पातळ बटर पेपर ठेवून सातही जणांच्या आकृत्या पेन्सिलीने काढल्या, डावीकडून उजवीकडे आकडे घातले आणि खाली मोझॅकच्या पुस्तिकेतल्यासारखी यादी केली. तिघांची नावे बाबांना पक्की माहीत होती. त्यांच्या म्हापशाच्या शेजारी एक वृद्ध व्हायोलिनवादक आहेत, ते आणखी दोघांना ओळखतील असे त्यांना वाटते. चौथ्या माणसाचे नाव काही केल्या आठवेना, पण लहानपणी त्यांच्या घरी नाताळाला गेल्याचे आठवत होते. म्हणून चारच्या आकड्यापुढे तूर्त एवढेच लिहिले आहे: डबल बेस, शिवोली.